मोरा राहिला

सुरतेत तीन वर्षं मी आणि नाना एकाच गादीवर झोपलो, पण एकत्र कधीच नाही. तो उठून खात्यावर गेला की मी येऊन पडायचो, आणि मी उठलो की तो. गादी त्याच्या अंगाने गरम असायची. हिवाळ्यात ते बरं वाटायचं, उन्हाळ्यात मी त्याला मनातल्या मनात शिव्या द्यायचो. गादीखेरीज आम्ही सहा लूमसुद्धा वाटून घेतले होते. लूमच्या कारखान्याला तिथे खातं म्हणतात, आणि खात्यात सकाळी सात ते संध्याकाळी सात एक माणूस, संध्याकाळी सात ते सकाळी सात दुसरा. त्या दुसऱ्याला जोडीदार म्हणायचं. लग्नाच्या बायकोला जे म्हणतात तेच. मला या शब्दाचं तेव्हा हसू यायचं.

प्लेगला घाबरून अर्धी सुरत पळाली, त्याच्या पुढच्या वर्षी मी परभणीकडून तिथे आलो. पळालेल्यांतले बरेच परत आले नव्हते, म्हणून नवख्यालाही लगेच लूम मिळत होते. मुकादमाने मला सहा लूमपुढे उभं केलं आणि हात करून एका उंच, हाडकुळ्या, कानात कापसाचे बोळे घातलेल्या माणसाकडे दाखवलं. तो नाना. बागलाणातला, साल्हेरच्या पायथ्याच्या एका गावचा. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठा असेल. त्याने माझ्याकडे पाहून पहिलं काय केलं असेल तर माझ्या कानांकडे बोट दाखवलं आणि खिशातून कापूस काढून दिला.

खात्यात बोलणं नसतं. दीडशे लूम एका छपराखाली चालतात, तिथे माणूस कानाला तोंड लावून ओरडला तरी अर्धंच कळतं. पाळी बदलतानाही लूम थांबवत नाहीत. चालते लूमच एकाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यामुळे आमचा सगळा संसार बोटांच्या खुणांवर आणि खडूवर चालायचा. चौथ्या लूमच्या मागे भिंतीचा एक तुकडा होता, त्यावर आम्ही एकमेकांसाठी लिहून ठेवायचो. दोन नंबरची तार सारखी तुटते. पाचचा धोटा बदलला. डबा माळ्यावर आहे. नानाला लिहिणं फारसं येत नव्हतं, तो चित्रं काढायचा. तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, तो अशी काढायचा की तिच्याकडे बघून वाईट वाटावं.

त्याच भिंतीवर एका सकाळी मला पाच टेकाडं काढलेली दिसली. एक उंच आणि त्याच्या कडेला एक सुळक्यासारखं, मग बरीच मोकळी जागा, मग तीन एकमेकांना टेकलेली. मला वाटलं, कापडावरच्या नव्या नक्षीची खूण असेल. मी खुणेने विचारलं, हे काय? तो हसला आणि बाहेर चल अशी खूण केली. पाळी बदलताना दहा मिनिटं मिळायची. त्यातली पाच त्याने त्या दिवशी जिन्यात उभं राहून मला दिली. जिन्यातही लूमचा आवाज होताच, पण ओरडून बोललं तर ऐकू यायचं.

त्याने सांगितलं ते असं. तो ऐन विशीत असताना डोंगर चढायला शहरातून लोक येत, त्यांचं सामान तो वाहायचा. अशाच एका टोळीने पैज घातली होती, सालोटा, साल्हेर, हरगड, मुल्हेर आणि मोरा, पाचही डोंगर एका दिवसात, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, पायी. शहरातले लोक साल्हेरवरच थकून बसले. नाना एकटा पुढे गेला. चार केले. मुल्हेरवरून मोऱ्याकडे निघाला तेव्हा खिंडीतच अंधार पडला. मोरा राहिला. पुढच्या वर्षी करू म्हणाला, पुढच्या वर्षी तो सुरतेत आला.

"आते तुले घीसन जावानं शे," तो माझ्या कानात ओरडला. "तू आन मी. पाचही, एकच दिनमा!"

मला घेऊन का, हे मी त्याला विचारलं नाही. सपाट मुलखातला माणूस मी. आमच्याकडे डोंगर म्हणजे कॅलेंडरवरचा. नाना यावरून मला कायम छळायचा. "तुमनाकडे ढेकूळले बी डोंगर म्हंतस का रे?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. पण खरं सांगतो, मला डोंगरापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची हाव सुटली. ज्या माणसाबरोबर माझी भाकरी, लूम आणि गादी वाटलेली होती, त्याच्याबरोबर एक अख्खा दिवस उजेडात काढायचा. एवढी साधी गोष्ट आम्हाला जमलेली नव्हती.

जमणारही नव्हती, कारण जोडीदाराची रीतच तशी असते. एक सुट्टीवर गेला की दुसऱ्याने त्याची पाळी ओढायची, नाहीतर लूम बदलीवाल्याच्या हातात जातात आणि परत येतील याचा भरवसा नाही. नाना गावी गेला की मी रात्रंदिवस उभा, मी गेलो की तो. म्हणजे जगातल्या कुठल्याही माणसाबरोबर मला फिरायला जाता आलं असतं, फक्त नानाबरोबर नाही. त्यातून वाट एकच होती. दिवाळीत सगळी सुरत बंद असते. खात्याला कुलूप लागतं, लूमना हार घालतात, आणि आम्ही सगळे वाटेला लागतो. तेव्हा जायचं ठरलं.

मग सुरू झाली ती तयारी. इतकी नेटकी तयारी मी पुढे आयुष्यात कशाचीच केली नाही. प्रत्येक टेकाडाखाली नाना बोटांनी वेळ सांगायचा आणि मी खडूने लिहायचो. पाचला पायथा सोडायचा. साडेसहाला सालोटा. साडेआठला साल्हेर. मग उतरून मुल्हेरपर्यंतची लांबची चाल, तिथे एक वाजायला हवा. तीनला हरगड, पाचला मुल्हेर, सहाला मोरा. सहाचा आकडा नाना मला दर वेळी पुसायला लावायचा. दिवाळीत दिवस लहान असतो, म्हणायचा, पावणेसहा कर. पाण्याच्या दोनच बाटल्या, बाकी टाक्यांतलं पाणी. भाकरी नागलीची, कारण ती पोटात टिकते. चपला चालणार नाहीत, कॅनव्हासचे बूट घ्यायचे. बूट घ्यायला मी चालत स्टेशनपर्यंत गेलो आणि दोन जोड आणले, नानाचा एक नंबर मोठा. मुकादम एकदा भिंतीपुढे उभा राहून म्हणाला, "ये क्या चीज है, बुखार का चार्ट?" आम्ही दोघंही माना डोलावून हसलो.

सराव म्हणून खात्याच्या इमारतीचा जिना होता. तीन मजले आणि वर गच्ची. पाळी सुटली की घरी जाण्याआधी पाच वेळा वर-खाली करायचं आणि जिन्याच्या तळाशी भिंतीवर तेवढ्या रेघा मारायच्या. माझ्या डावीकडे, नानाच्या उजवीकडे. बारा तास उभं राहिल्यावर जिना चढणं म्हणजे काय ते चढणाऱ्यालाच ठाऊक. तिसऱ्या फेरीला माझ्या पिंढऱ्या लटलटायच्या. पण खाली येऊन बघावं तर नानाच्या पाच रेघा व्यवस्थित उभ्या, कधी सहासुद्धा. मला स्वतःची लाज वाटायची. म्हातारा पुढे चाललाय, असं म्हणून मी आणखी एकदा चढायचो.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. ती पहिली दिवाळी आली तेव्हा मी गेलो नाही. आमच्या गावाकडच्या पोरांनी मला गाठलं, एक स्थळ बघायचं होतं, आणि मी नानाला जिन्यात ओरडून सांगितलं की नाना, पुढच्या वर्षी. त्याने माझा खांदा थोपटला आणि आत गेला. दिवाळीनंतर परत आलो तर भिंतीवरच्या वेळा पुसलेल्या होत्या, पाच टेकाडं मात्र तशीच होती. स्थळ जमलं नाही. मी पुन्हा खडू घेऊन वेळा लिहिल्या.

त्या पुढच्या वर्षात मी काय काय पाहिलं आणि काय काय मला दिसलं नाही, याचा विचार मी नंतर फार केला आहे. आमच्या नवागामच्या खोलीत सहा जण तीन गाद्यांवर राहायचो. आठवड्यातून एका रात्री वीज बंद असायची, तेव्हा रात्रपाळी नसायची आणि सहाही जण खोलीत. तेव्हा जागेची मारामार. नाना त्या रात्री गच्चीवर झोपायचा. खोलीत उकडतं म्हणायचा. डिसेंबरातसुद्धा तो घोंगडी घेऊन वर जायचा, आणि मी म्हणायचो, डोंगरातला माणूस आहे, त्याला थंडी कुठली? आणि खात्यात पाळी बदलताना तो मधेच लूमकडे वळायचा, खाली वाकायचा, एक हात सूत गुंडाळलेल्या बीमवर, दुसरा छातीशी, आणि बराच वेळ तसाच राहायचा. तार शोधतोय, असं मी समजायचो. नानाला तुटलेली तार लगेच दिसते, आपल्याला दिसत नाही, याचा मला हेवाच वाटायचा.

दुसरी दिवाळी आली. नाना पाडव्याच्या आधीच गावी गेला. मी त्या वर्षी परभणीला न जाता, भाऊबीज झाली की सुरतेहून नवापूर, पिंपळनेर करत एसटीने ताहराबादला उतरलो आणि तिथून जीपच्या मागच्या दांडीला लटकत संध्याकाळी त्याच्या गावात पोचलो. डोंगर मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितले. आम्ही भिंतीवर काढलेली ती बोटभर टेकाडं आठवली. नानाच्या बायकोने जेवायला वाढलं. नाना मात्र राखणीला मळ्यात गेला होता. पहाटे पाचला वडापाशी ये, असा निरोप होता. मी ओट्यावर झोपलो. इतकं शांत होतं की मला झोप येईना. माझ्या कानांत खातं वाजतच होतं.

पहाटे वडाखाली नाना उभा होता. नवे बूट घातलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, लग्नाला निघाल्यासारखा. मला बघून त्याने कानाकडे बोट दाखवलं, म्हणजे बोळे काढ. मी विसरूनच गेलो होतो, सवयीने कापूस घालूनच निघालो होतो. काढला. बॅटरीच्या उजेडात आम्ही चालायला लागलो. खिशात मी भिंतीवरचं सगळं एका पुठ्ठ्यावर उतरवून आणलं होतं.

पहिला अर्धा तास शेतांतून होता. नंतर चढ लागला. फार नाही, जिन्यासारखाच. मी पुढे होतो आणि मनात खूश होतो, कारण पिंढऱ्या लटलटत नव्हत्या. वीस-पंचवीस पावलं गेलो आणि मागे कोणी नाही असं वाटलं. वळून बघितलं. उजाडायला लागलं होतं. नाना वाटेच्या कडेला एका दगडावर हात टेकून वाकला होता, दुसरा हात छातीशी. अगदी तसाच. तार शोधताना वाकतो तसाच.

आणि या वेळी आवाज आला.

मी तो खोकला ऐकत उभा राहिलो. तो थांबेना. आतून काहीतरी फाडून काढावं असा, आणि मधेच शीळ वाजल्यासारखा श्वास. तीन वर्षं मी या माणसाला रोज दोनदा भेटत होतो, आणि त्याचा खोकला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्या वाकण्याचा अर्थ मला एकदम कळला. खात्यातली प्रत्येक वेळ, जिन्यातली, बीमवर हात ठेवलेली, डिसेंबरातली गच्ची, सगळं एकदम. 

मी खाली आलो. त्याला पाणी दिलं. विचारलं, कधीपासून?

"दोन वरीस व्हयनात," तो म्हणाला. "दम लागस. बाकी काही नही."

"आणि जिन्यातल्या रेघा?"

तो माझ्याकडे न बघता हसला. "खालेच बसीसन वढ्यात."

मला राग आला. माझा राग असा आहे की तो दुःखाच्या आधी येतो, आणि दुःखाला जागाच ठेवत नाही. मी त्याला नाही नाही ते बोललो. फसवलंत म्हणालो. मी तिथे मरमर जिने चढत होतो आणि तुम्ही खाली बसून रेघा मारत होता, मला मूर्ख समजलात, डॉक्टरकडे का गेला नाहीत, माझ्यापासून कशाला लपवलंत. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, खोकला कळला असता तर आधी खोलीतून काढलं असतं, मग खात्यातून. तुला दुसरा जोडीदार दिला असता. आणि वर, "तुले सांगं असतं ते तू उना नसता."

आलो नसतो, हे खरंच होतं. मी दहा-पंधरा पावलं दूर जाऊन पाठ करून बसलो. रुसून. एवढा घोडा मी, डोंगराच्या कुशीत रुसून बसलो होतो. तासभर तरी गेला असेल. त्या एका दिवसातला एक तास मी असा घालवला, आणि तो मला कुणी परत देणार नाही.

मागून आवाज आला, "कितला वाजनात, भो?"

मी घड्याळ बघितलं. साडेसहा वाजून गेले होते. नानाने पुठ्ठा मागितला, तो उलटसुलट करून बघितला आणि मला म्हणाला, वाच. मी वाचलं, साडेसहा, सालोटा. मग तो बोलायला लागला.

"आते आपन सालोटावर शेतस," तो म्हणाला. आणि सांगायला लागला. वाट कशी उभी आहे, कातळात पायऱ्या कशा खोदल्यात, कुठल्या पायरीला पाय आडवा टाकायचा, दरवाजातून आत गेलं की टाक्याचं पाणी कसं थंड आहे. मधे थांबायचा, वाकायचा, खोकायचा, पुन्हा सांगायचा. मी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसलो. साडेआठला आम्ही साल्हेरवर होतो. तिथल्या गुहांत ऊन केव्हा येतं ते त्याने सांगितलं, तळ्याकाठी तो एकदा कसा घसरला ते सांगितलं, आणि अगदी वरच्या परशुरामाच्या देवळापाशी वारा असा असतो की डोक्यावरचा टॉवेल हातात धरावा लागतो, असं म्हणून त्याने खरोखर डोक्यावरचा टॉवेल काढून हातात धरला.

तो दिवस आम्ही वाटेच्या कडेच्या एका सपाट जागेवर काढला. पायथ्यापासून फार तर दोन-तीनशे पावलांवर. ऊन चढलं तसे सावलीला सरकलो. साल्हेर ते मुल्हेरच्या लांबच्या चालीत बोलायला वेळ होता, तेव्हा त्याने मला त्याची दोन लेकरं कशी गेली ते सांगितलं. मी त्याला माझं फिसकटलेलं स्थळ सांगितलं, त्या मुलीने मला विचारलं होतं की तुम्ही एवढे मोठ्याने का बोलता, आणि नाना त्यावर इतका हसला की पुन्हा खोकला आला. आम्ही नागलीची भाकरी खाल्ली. मला कळलं की त्याला भाकरीबरोबर कांदा आवडत नाही. त्याच्या डब्यात मी तीन वर्षं कांदा कापून ठेवत होतो आणि तो बिचारा काढून ठेवत असेल.

तीनला हरगड झाला. हरगडावर कुणी जात नाही, सगळी काट्यांची वाट, त्याने मला काट्यांपासून जपून नेलं. पाचला मुल्हेरच्या माचीवरच्या गणपतीला आम्ही हात जोडले, तळ्याच्या कडेने वर गेलो. ऊन तिरपं झालं होतं. त्याने बोटाने मला लांबची एक रांग दाखवली, तोच मुल्हेर आणि पलीकडे तो मोरा, पण खरं सांगायचं तर मला सगळे डोंगर सारखेच दिसत होते. मी हो म्हटलं.

मग पावणेसहा झाले. पुठ्ठ्यावर शेवटची ओळ राहिली होती. मी वाचली.

"पावणेसहा. मोरा."

नाना बोलेना. मी वाट बघितली. त्याला दम लागला असेल असं वाटलं. मी म्हटलं, नाना, मोरा. वर काय आहे, सांगा की.

तो त्या रांगेकडे बघत होता. "माले माहीत नही, भो," तो म्हणाला. "मी तठे गयेलच नही."

त्या क्षणी मी काहीही बोलू शकलो असतो. भिंतीवर सगळं लिहिणारा मीच होतो, लोक मला बोलका म्हणतात. वर गवत आहे नाना, एक टाकं आहे, पडकी भिंत आहे, दोघांना पाय पसरून बसता येईल एवढी जागा आहे. कुठल्या डोंगरावर नसतं एवढं? मी म्हणालो असतो तर त्याने मान डोलावली असती, आणि पाच झाले असते. पण मला सुचलं नाही. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, चला, उतरू. अंधार पडेल.

घरी आलो तेव्हा त्याच्या बायकोने कंदील लावला होता. नाना आत जाऊन पडला. ती माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाली, "तुमी त्यास्ना जोडीदार. तुमले समदं माहीतच व्हई. डाक्टरले दाखाडं का तठे?"  मी मान हलवली, ती हो होती की नाही, मलाच माहीत नाही.

नाना सुरतेला परत आला नाही. तालुक्याच्या दवाखान्यात त्याला औषधं दिली, टीबी निघाला, औषधं त्याने काही दिवस घेतली. मी त्याला दोन पत्रं पाठवली, दोन्हींत तब्येत जपा आणि पुढच्या दिवाळीला मोरा एवढंच होतं. होळीच्या आधी त्याच्या बायकोने कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, नाना गेल्याचं एक कार्ड खात्यावर आलं. मी ते चौथ्या लूमच्या मागे उभा राहून वाचलं. लूम चालूच होते. कार्ड वाचून झाल्यावर मला रडायला आलं, आणि मी मोठ्याने रडलो, अगदी गळा काढून, कारण तिथे कुणालाच ऐकू येणार नव्हतं. शेजारच्या लूमवरच्या माणसाने मला वाकलेलं बघितलं आणि तो आपल्या कामाकडे वळला. तार शोधतोय असं त्याला वाटलं असणार.

त्या संध्याकाळी खात्याच्या दाराशी चहा घेताना चहावाल्याने विचारलं, "तेरे नाना की खाँसी कैसी है अब?"  त्याला माहीत होतं. मुकादमाला माहीत होतं, असं पुढे कळलं, खोलीतल्या दोघांना गच्चीमुळे संशय होता. सगळे धरून चालले होते की मला ठाऊक आहे. जोडीदाराला नाही तर कुणाला?

होळीपर्यंत नानाच्या पाळीला बदलीवाले होते, मग आलेला नवा जोडीदार ओडिशाचा होता. चांगला माणूस, हाताला चपळ. पहिल्या दिवशी सात वाजता तो आला, मी त्याला कापूस दिला, सहाही लूम दाखवले. मग त्याचा हात धरून जिन्यात नेलं, मागचं लोखंडी दार लावून घेतलं, तरी आवाज येतच होता, म्हणून तसाच तीन मजले वर गच्चीपर्यंत नेला. तो घाबरला होता. गच्चीवर उभं करून मी त्याला म्हणालो, "खाँस के दिखा."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याने तोंडावर हात धरून दोनदा खोकून दाखवलं. खोकला स्वच्छ होता. खाली जाताना त्याने मला विचारलं की हे असं रोज करायचं का. मी हो म्हटलं. पुढे मी त्याला रोज नाही, पण आठवड्यातून एकदा गच्चीवर नेतच राहिलो, आणि खात्यात माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं लोक म्हणायला लागले.

गच्चीवर जायला-यायला मिळून सगळी पाच मिनिटं लागतात. पाळी बदलताना मला आणि नानाला दहा मिळायची, रोज दोनदा, तीन वर्षं. आम्ही त्यात डोंगरांच्या वेळा लिहीत होतो.